दक्षिण आफ्रिकेत राज्यघटना एवढी भारी, मग लोकांना न्याय का मिळत नाही?

प्रश्न: त्यांची १९९६ ची राज्यघटना वाचतोय, घर, पाणी, आरोग्य सगळे हक्क लिहिलेत, कोर्टातही जाता येतं, मग सरकार एवढं फेल का जातं?

प्रतिसाद १: कोर्ट आदेश देतं, पण राबवायचं प्रशासनानेच ना. झोपडीत राहणाऱ्या आयरीन ग्रूटबूम बाई घराच्या हक्काची केस २००० साली तिथल्या घटना कोर्टात (राज्यघटनेचं सर्वोच्च कोर्ट) जिंकल्या, २००८ ला वारल्या तेव्हाही पक्कं घर नव्हतं. फार चीड येते वाचून.

प्रतिसाद २: तरी कोर्टाने काहीच होत नाही असं नका म्हणू. २००२ ला नेविरापीनचा निकाल लागला, आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून ते औषध सरकारी दवाखान्यांत द्यावं लागलं, कारण ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनवाले (एचआयव्हीच्या उपचारांसाठी लढणारी संघटना) रस्त्यावरही होते आणि कोर्टातही, पिच्छाच सोडला नाही.

प्रतिसाद १: पटतं. पण लाइफ एसिडिमेनी (मनोरुग्णांना सांभाळणारी खासगी संस्था) प्रकरणाच्या वेळी नातेवाईक आधीपासून ओरडत होते, कोर्टातही गेले, तरी गाउटेंग प्रांताच्या आरोग्य खात्याने खर्च वाचवायला तिथल्या मनोरुग्णांना नीट लायसन नसलेल्या संस्थांमध्ये हलवलं, त्यात १४४ जण दगावले हो! भरपाईचा आदेश २०१८ ला आला. हलवायच्या आधी अधिकाऱ्याला थांबवणारं कोणी नव्हतं, खरा प्रॉब्लेम तिथे आहे.