हिमेजीचा किल्ला आणि आईचे गुडघे

लश्करवाली:
भाऊ ओसाकाला असतो. एप्रिलमध्ये मी आणि आई जातोय. आई ७१ची, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण "जपानचा किल्ला बघायचाच" हा धोशा. आपल्या ग्वाल्हेरला उरवाई दरवाज्याने गाडी थेट वर जाते, तसं हिमेजीला काही आहे का? लिफ्ट? की तिला खाली बसवून मी एकटीच जाऊन येऊ? मग सहा महिने ऐकावं लागेल.

दौलतगंजकर:
ताई, गाडी विसरा, लिफ्टही नाही. मुख्य इमारत १६०९ची, इकेदा तेरुमासा या सरदाराने बांधलेली, आतून सगळी लाकडी. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आणि खाली तळघर. शिरताना बूट काढायचे, पिशवीत घालायचे आणि ती पिशवी आपणच वागवायची. मोज्यांखाली गुळगुळीत फळ्या. जिने म्हणजे जुन्या वाड्यातली माळ्यावरची शिडी, फक्त कठडा लावलेली. चढताना वाटलं जमलं. उतरताना मात्र दोन्ही हात कठड्याला, पिशवी दातात धरायचीच काय ती बाकी होती.

आणि वर काय, तर एक छोटं देऊळ आणि रिकामी खोली. आपल्या ग्वाल्हेरच्या मानमंदिर महालासारखी भिंतीवर निळी बदकं शोधू नका. हा लढायचा किल्ला. भिंतीत गोल, तिकोनी, चौकोनी जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं आहेत, मला त्याच आवडल्या.

आईंना खालच्या मोठ्या मैदानात घेऊन जा. पांढराशुभ्र किल्ला तिथून अख्खा दिसतो. मग शेजारीच, पश्चिमेच्या खंदकालगत कोको-एन बाग. जुनी नाही हां, १९९२ची. पण सरदाराच्या वाड्याच्या जागेवर केलीय. नऊ वेगवेगळ्या बागा, प्रत्येकीला आपली भिंत, तळ्यात हे एवढाले मासे. आमची ही तिथून उठायलाच तयार नव्हती. चहाघरात मात्र तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर बसायचं असतं, गुडघे सांभाळून.

नयाबाजारची सून:
शाकाहारी असाल तर दशम्या न्याच. बागेतल्या हॉटेलात वामेसारख्या माशाचं कौतुक, आणि साध्या दिसणाऱ्या सूपातही बऱ्याचदा माशाचंच पाणी असतं. आम्ही तळ्याकाठचं टेबल मिळालं म्हणून खूश, आणि ताटात नुसता भात.

काका, जातं कसं विसरलात! इकेदाच्या आधी हिदेयोशी नावाचा सरदार इथे किल्ला बांधत होता तेव्हा दगड कमी पडले, तर एका गरीब म्हातारीने आपलं जातं देऊन टाकलं, असं सांगतात. तो दगड तटात बसवलाय, वर जाळी आहे. मुख्य इमारतीत न शिरताही दिसतो, पण तिथवर चढ आणि पायऱ्या आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला साकुरामुळे, म्हणजे चेरीच्या बहरामुळे तोबा गर्दी, नऊला उघडतं तेव्हाच पोचा.

लश्करवाली:
आईला सगळं वाचून दाखवलं. मासे, मैदान ऐकून नुसतं "हं". जात्यावर म्हणाली, "तिथवर मी येणार. पुढच्या शिड्या तू चढ, तुझे बूट मी धरते." तिकिटं अजून काढायचीयत, आणि दशम्यांचं दळण आजच गिरणीत गेलंय.