रंगभवनला विसरून कसं चालेल?
स्वतःची गाणी वाजवणारे बँड आपल्याकडे २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाल्यावर आले, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. वीकेंडरमुळे प्रेक्षक वाढला, हे शंभर टक्के मान्य. पण मुंबईच्या रॉक मशीनने १९८८ मध्येच स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला होता. तोच बँड पुढे इंडस क्रीड झाला, मध्ये फुटला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' घेऊन परत आला. तो अल्बम ऐकला नसेल तर आजच ऐका, हेडफोन लावून!

आणि मुंबईतल्या धोबीतलावचं रंगभवन. 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव तिथेच गाजला. खुलं नाट्यगृह, परवडणारं तिकीट, लोकलने सहज पोचता येणारं. पण आजूबाजूला कॉलेज आणि हॉस्पिटलं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत अशा ठिकाणांभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र आलं आणि तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. नियम योग्यच होता, पण बदली जागा कुणी दिली नाही. नवीन बँड आज पबमध्ये वाजवतात, तिथे कॉलेजच्या पोरांना बिल परवडत नाही. माझ्या मते खरी अडचण ही आहे, चांगल्या गाण्यांची वानवा नव्हे.