‘रामधनु’: मुलाखत पोराची की आईबापाची?

आंबट-गोड
काल ‘रामधनु’ पाहिला. नंदिता रॉय आणि शिबोप्रसाद मुखर्जींचा २०१४चा बंगाली सिनेमा. कोलकात्यातल्या लाल्टू दत्तचं औषधांचं दुकान. बायको मिताली पोराला, म्हणजे गोगोलला, बड्या इंग्रजी शाळेत घालायचंच म्हणून हट्टाला पेटलेली. शाळेला पोरापेक्षा आईबापच तपासायचे असतात, म्हणून ही दोघं मुलाखतीच्या तयारीसाठी चक्क क्लास लावतात. लाल्टू स्वतः शिबोप्रसादने केलाय, झकास केलाय. एरवी बडबड्या माणूस, पण समोरून इंग्रजीत प्रश्न आला की बोबडी वळते. हसू येतं आणि पोटात गोळाही येतो.

पण मला राग आला. खापर सगळं मितालीवर. हावरट आई, भोळा बाप! अहो, शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम १३ म्हणतं, देणगी घ्यायची नाही आणि प्रवेशासाठी मुलाची काय, पालकांचीही चाळणी लावायची नाही. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. मग जाब आईला का?

कोरी पाटी
साफ असहमत. कायदा कागदावर आहेच, पण शाळेबाहेर रांगा लावतं कोण? असले क्लास चालतात कुणाच्या फीवर? पालकांच्याच ना? लाल्टूला भोळा म्हणू नका. ‘तिचा हट्ट आहे’ म्हणत तोही मागोमाग जातोच की.

हावडा ब्रिजखाली
नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून नाक खुपसतो. कलम १३ इथे फारसं कामाचं नाही. इथे ज्या शाळांसाठी जीव टाकतात त्यातल्या बऱ्याच मिशनऱ्यांच्या, म्हणजे अल्पसंख्याक संस्थांच्या. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागूच नाही, मग त्या अनुदानित असोत वा नसोत. सिनेमाही त्याच वर्षीचा.

आणि मितालीला नुसती हावरट म्हणणं मला पटत नाही. ऐंशीच्या दशकात डाव्या सरकारने सरकारी प्राथमिक वर्गांतून इंग्रजी काढलं. पहिलीपासून परत यायला २००४ उजाडलं. त्या मधल्या काळात बंगाली शाळेत शिकलेली पोरं २०१४ मध्ये आईबाप झालेली. ज्याच्यापायी आपली नोकरी हुकली किंवा चारचौघांत मान खाली गेली, ते पोराच्या वाट्याला येऊ नये असं वाटणारच.

आंबट-गोड
मग तर माझंच म्हणणं पक्कं झालं! सरकारने इंग्रजी काढलं, कायद्यातून शाळा सुटल्या, आणि बोलणी खायला कोण? आई.

कोरी पाटी
सरकार, कोर्ट, शाळा, सगळे आले. गोगोल कुठंय तुमच्या चर्चेत? घरात रोज उत्तरं घोकून घेतली जातात ती त्या चिमुरड्याकडून. तो हट्ट आई-बाबांचा असतो, कोर्टाचा नाही.

खवचट काकू
२०१७चा ‘हिंदी मीडियम’ आठवा. इरफानचा. दोन्ही सिनेमांत साम्य आहे म्हणून तेव्हा वादही झाला होता. त्यात दिल्लीतलं पैसेवालं जोडपं याच शिक्षण हक्क कायद्याने गरिबांसाठी राखलेल्या जागेसाठी गरिबीचं सोंग घेतं. तिथे कायदा कथेत आहे, आणि पालक त्याचंच भोक शोधतात. घ्या, आता आईची बाजू!

आंबट-गोड
काकू, ते दुसऱ्याची जागा ढापतात, त्यांची बाजू मी घेतेय कुठे? मिताली ज्या जागेच्या मागे आहे ती कुणा गरिबाची नव्हे. आणि त्या सिनेमातही प्रवेशाच्या वेडाची सुरुवात बायकोपासूनच होते, हे दिसलं नाही का?