टेकवायचं म्हणजे नेमकं कुठे?

एनएफसीचा, म्हणजे फोन किंवा कार्ड ‘रीडर’ नावाच्या यंत्राला टेकवून पैसे वगैरे देण्याच्या बिनतारी तंत्राचा, पल्ला वाढवला की वापर सोपा होईल, असं कुणीतरी म्हटलंय. मला उलट वाटतं. जेमतेम ४ सेंटिमीटरचा पल्ला हीच तर त्याची खुबी: मुद्दाम जवळ नेल्याशिवाय काही घडत नाही, म्हणजे जवळ नेणं हाच होकार.

खरी अडचण वेगळीच आहे. काही फोनमध्ये अँटेना वरच्या कडेला, काहींत पाठीच्या मध्यावर. माणूस बिचारा रीडरवर इस्त्री केल्यासारखा फोन फिरवत राहतो! कार्डाची तऱ्हा आणखी निराळी. त्याला बहुधा बॅटरीच नसते, रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या क्षेत्रातूनच वीज मिळते. घाईने हात मागे घेतला की व्यवहार अर्धवट. म्हणून ‘बीप’ काम संपल्यावरच वाजवावा, सुरुवातीला नाही. आणि रीडरवरचा दिवा फोनखाली झाकला जाईल अशा जागी तर मुळीच नको.