मदत हवी आहे : मुलांसाठी मोफत श्राव्य पुस्तके

माझ्या सात वर्षांच्या मुलीसाठी विनामूल्य आणि कायदेशीर श्राव्य पुस्तके शोधत आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या लिब्रिवॉक्स या संकेतस्थळावर स्वत्वाधिकार (कॉपीराइट) संपलेल्या पुस्तकांचे स्वयंसेवकांनी केलेले वाचन एमपी३ स्वरूपात उतरवून घेता येते, हे मला ठाऊक आहे. मात्र तेथे अनेकदा एकाच पुस्तकाची प्रकरणे वेगवेगळे वाचक वाचतात. मोठ्यांना त्याचे काही वाटत नाही, पण कालपर्यंत घोगऱ्या आवाजात बोलणारा कोल्हा आज अचानक नाजूक आवाजात बोलू लागला की मूल गोष्ट सोडून आवाजाचीच चौकशी करत बसते. त्यामुळे संपूर्ण पुस्तक एकाच वाचकाने, संथ व स्पष्ट उच्चारांत वाचलेले असेल, अशी ध्वनिमुद्रणे निवडून कशी शोधावीत? मराठी बालकथांचा असा संग्रह कोठे आहे का?

दुसरी अडचण ऐकण्याची आहे. इंटरनेट बंद ठेवूनही चालणारे, जेथे थांबलो ती जागा लक्षात ठेवणारे, ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होणारे आणि जाहिराती न दाखवणारे ॲप हवे आहे. पडद्याकडे पाहावे लागू नये, हाच तर या खटाटोपाचा हेतू आहे. आपण स्वतः वापरलेले ॲप कृपया सुचवावे.