मदत हवी आहे: अंगावरच्या डिफिब्रिलेटरची निळी जेल, आईला कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

बाबा (वय 68) आमच्याकडे न्यू जर्सीला आले असताना त्यांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, पण इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) अजून 30 टक्केच आहे. छातीत कायमचं यंत्र बसवायचं का, हे तीन महिन्यांनी पुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून ठरेल. तोवर अंगावर घालायचा डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके घातक झाले तर विजेचा शॉक देऊन ते ताळ्यावर आणणारं यंत्र, दिलाय. घरी आम्ही त्याला 'बंडी' म्हणतो. काढायची ती फक्त अंघोळीला.

पट्ट्यातले चार कोरडे इलेक्ट्रोड सतत ठोक्यांवर लक्ष ठेवतात. शॉक देणारे पॅड तीन: दोन पाठीवर, एक पुढे. घातक ठोके दिसले की आधी थरथर, मग भोंगा. माणूस शुद्धीवर असेल तर त्याने दोन बटणं दाबून शॉक थांबवायचा. नाही दाबली, तर पॅडमधून निळी जेल कातडीवर सुटते आणि मग शॉक बसतो.

जेल कशाला, हे नर्सने छान सांगितलं. कोरड्या कातडीतून वीज नीट शिरत नाही. हृदयाला कमी पोचते आणि कातडी भाजते. ईसीजी काढताना जेल लावतात तेही वीज नीट वाहावी म्हणूनच. पण ओली जेल महिनोन्‌महिने अंगाला ठेवली तर वाळणार, कातडीही खराब होणार. म्हणून ती ऐन वेळेपर्यंत पॅडमध्येच बंद.

बाबांना अंघोळीनंतर छाती-पाठीला खोबरेल चोळायची सवय, तीही पन्नास वर्षांची. नर्सने बंडीखाली तेल, पावडर, क्रीम सगळं बंद सांगितलंय. बाटली मी कपाटात ठेवली, तरी परवा बनियनला वास आलाच.

पण खरी काळजी आईची वाटते. मंगळवारी रात्री पावणेतीनला भोंगा वाजला. पट्टा सैल झाला होता, बाकी काही नव्हतं. बाबांनी बटणं दाबली, पण त्यांच्या आधी आईचा हात तिथे पोचला होता! बटणं फक्त रुग्णानेच दाबायची, हे तिला दहादा सांगितलंय. बाबा बेशुद्ध असताना तिने दाबली तर हवा असलेला शॉकच थांबेल. ती म्हणते, "त्यांना करंट बसताना मी नुसती बघत राहू?" वर विचारते, "निळं काही आलं तर पुसून घेऊ ना?"

यंत्र बोलतं इंग्रजीत, आईला ते घाईत कळत नाही. कोणाच्या घरी हे वापरलंय का? जेल सुटल्यावर नेमकं काय करायचं, आणि तुम्ही घरच्यांना कसं समजावलंत?

प्रतिसाद: सासऱ्यांना ही बंडी होती, एकदा शॉकही बसला. जेल अजिबात पुसायची नाही, बंडीही काढायची नाही. ठोके सुधारले नाहीत तर ओळीने पाचपर्यंत शॉक बसू शकतात, आणि ते त्याच जेलवर. यंत्र 'हात लावू नका' म्हणालं की लांब व्हायचं आणि 911 ला फोन लावायचा. जेल सुटली की पट्टा बदलावा लागतो, तेव्हा कंपनीलाही लगेच कळवा. सासूबाईंना आम्ही एवढंच सांगितलं होतं: "भोंगा वाजला की त्यांना हाक मारा, बटणाला हात लावू नका. निळं दिसलं तर फोन." मोठ्या अक्षरात मराठीत लिहून पलंगाशेजारी चिकटवा.

धागाकर्ती: मनापासून आभार. आत्ताच लिहून चिकटवलं. आईने स्वतः दोनदा मोठ्याने वाचलं.