पासोलिनीचा येशू पाहिलात का?

धार्मिक सिनेमा म्हणजे नुसते चमत्कार आणि भजनं, असं बरेचदा म्हटलं जातं; त्या मताशी मी निम्माच सहमत आहे. इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा येशूवरचा १९६४ चा 'द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू' बघा. माणूस नास्तिक, वर मार्क्सवादी, आणि चित्रपट अर्पण केलाय पोप जॉन तेविसावे यांना!

सुरुवातच बघा. येशूची आई मरियम, तिचा चेहरा. मग तिचा नियोजित नवरा योसेफ, त्याचा. दोघंही गप्प. कॅमेरा मागे येतो तेव्हा कळतं की ती गरोदर आहे. तो काही न बोलता निघून जातो. देवदूत भेटल्यावर परत येतो, तेव्हा ती किंचित हसते. संवादाची गरजच पडत नाही.

पॅलेस्टाइनमध्ये जागा बघून पासोलिनी निराश झाला आणि दक्षिण इटलीत मातेरा वगैरे भागांत चित्रीकरण केलं. येशू झालाय बार्सिलोनाचा एक विद्यार्थी, वय जेमतेम एकोणीस (आवाज मात्र दुसऱ्याचा). क्रुसाजवळ रडणारी म्हातारी मरियम ही खुद्द दिग्दर्शकाची आई. तो आक्रोश मला तरी अभिनय वाटत नाही.

आपला 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला, तोही अशाच साधेपणामुळे असावा. विठोबावर वहाण उगारणारी जिजाई आठवा!

पासोलिनीचा चित्रपट बघाल तर मूळ इटालियन, कृष्णधवलच बघा. रंग चढवलेली इंग्रजी प्रतही फिरते, तिच्या वाटेला जाऊ नका.